पांढऱ्या पाण्याचे राखणदार

चांगल्या पावसाच्या वर्षी कोल्हापूरजवळचा कळंबा तलाव भरतो, सांडव्यावरून पाणी पडू लागते आणि ते पाहायला शहरातून माणसे येतात. तलावातले पाणी संथ असते. सांडव्याच्या कडेवर ते काचेसारखे वाकते, खाली उतरताना पातळ होऊन धावू लागते आणि तळाशी पोचताच उसळून पांढरे होते. पुढे हेच पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळते. संथ पाणी, धावते पाणी आणि उसळते पाणी अशी पाण्याची तीन रूपे इथे काही पावलांच्या अंतरात दिसतात. ती बारकाईने पाहणे हा जगात काही माणसांच्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे. त्यांना नदीचे राखणदार किंवा ‘रिव्हर रेंजर’ म्हणतात.

हे राखणदार काय करतात, त्यासाठी त्यांना कोणते विज्ञान ठाऊक असावे लागते आणि त्या विज्ञानाचा आपल्या गावच्या नदीशी काय संबंध आहे, ते या लेखात पाहू या.

हंगामापुरती नोकरी

अमेरिकेच्या पश्चिम भागात डोंगरांवरचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि नद्या खळाळू लागतात. रबरी तराफे घेऊन हजारो लोक या नद्यांवर उतरतात. या हंगामासाठी तिथले वनखाते आणि राष्ट्रीय उद्यानखाते काही रेंजर नेमतात. हंगाम संपला की त्यांची नोकरीही संपते. कोलोराडो नदीवरच्या ग्रँड कॅन्यन या दरीत लीज फेरी नावाच्या ठिकाणाहून तराफे सुटतात. पाण्यात उतरण्याआधी रेंजर प्रत्येक तुकडीचे सामान तपासतो. प्रत्येकाला नीट बसणारे तरंगजाकीट आहे का, जादा वल्ही आणि दोर आहेत का, औषधांची पेटी आहे का, हे तो पाहतो. एवढेच नव्हे, तर माणसांची विष्ठासुद्धा बंद डब्यात भरून परत आणण्याची सोय त्यांनी केली आहे का, हेही तो पाहतो. त्या दरीत काही मागे ठेवून यायला परवानगी नाही.

बुडणाऱ्याला धाडसाने बाहेर काढणे हेच या माणसांचे मुख्य काम असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांचा बहुतेक वेळ तपासणीत, गस्तीत, कचरा उचलण्यात आणि लोकांशी बोलण्यात जातो. पाणी आज किती आहे, कालपेक्षा चढले की उतरले, कुठल्या वळणावर झाड आडवे पडले आहे, हे ते आधी पाहून ठेवतात. चांगल्या राखणदाराचा हंगाम कोणालाही पाण्यातून ओढून न काढता संपतो.

कोलोराडो नदीवर ग्लेन कॅन्यन हे मोठे धरण आहे. त्याच्यामागे १९६३ साली पाणी अडू लागले. तेव्हापासून खालच्या दरीतले पाणी पावसापेक्षा विजेच्या मागणीवर अधिक अवलंबून आहे. मागणी वाढली की जादा पाणी सोडतात आणि नदी चढते. रात्री काठाला बांधलेला तराफा सकाळी कोरड्या दगडांवर बसलेला सापडतो.

आपल्याकडची कुंडलिका

असाच प्रकार पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातली कुंडलिका नदी तशीच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. मुळा ही खरे तर पूर्वेकडे वाहणारी नदी, पण धरणाचे पाणी बोगद्यातून व नळांतून पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर ते पाणी रावळजे इथल्या दुसऱ्या वीजघरातून कुंडलिकेत येते. त्यामुळे पाऊस नसतानाही या नदीला खळाळ असतो.

मुंबई-गोवा रस्त्यावरच्या कोलाडजवळ याच पाण्यावर तराफ्यांचा खेळ, म्हणजे राफ्टिंग, चालते. पाणी सुटले की तराफे निघतात आणि पाणी थांबले की दिवसाचे काम संपते. गंगेवर ऋषिकेशजवळ भर पावसाळ्यात राफ्टिंग बंद ठेवतात. तेव्हा तिकडचे काही वाटाडे कोलाडला येऊन काम करतात. स्थानिक तरुणही आता यात तयार झाले आहेत. सरकारी रेंजर आपल्याकडे नाहीत. त्यांचे राखणदारीचे काम इथे या वाटाड्यांनाच करावे लागते.

खळाळांची प्रतवारी जगभर एक ते सहा अशा अंकांनी करतात. एक म्हणजे किरकोळ लाटा आणि सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिकेचे खळाळ बहुतांशी दोन आणि तीन या प्रतींचे आहेत. पण हे अंक पाण्याच्या एका विशिष्ट पातळीसाठीच खरे असतात. पाणी चढले की तोच खळाळ वेगळा होतो. म्हणून वाटाड्या अंकावर विसंबत नाही, तो पाणी वाचतो. पाण्याच्या पृष्ठावर बाणासारखा आकार दिसला आणि त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेने असले, तर मध्ये मोकळी वाट आहे असे तो समजतो. टोक उलट, म्हणजे वरच्या बाजूला असले, तर तिथे पाण्याखाली दगड दडलेला असतो. मोठ्या दगडाच्या मागे पाणी शांत असते किंवा हळूहळू उलटे वाहते. तराफा थांबवायला ती विसाव्याची जागा.

पाणी पांढरे का दिसते?

खडीसाखरेचा खडा जवळजवळ पारदर्शक असतो, पण तोच कुटला की पांढरी पूड होते. साखर बदललेली नसते. आता असंख्य बारीक कणांच्या पृष्ठांवरून प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होतो आणि सगळे रंग सारख्याच प्रमाणात विखुरतात. उसळत्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडले जातात आणि प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठावर हेच घडते. म्हणजे पांढरे पाणी हे निव्वळ पाणी नसते. ते पाणी आणि हवा यांचे मिश्रण असते.

ही गोष्ट पोहणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. समजा, फेसाच्या आकारमानात एक चतुर्थांश हवा आहे. मग त्याच्या एका लिटरचे वजन एक किलोऐवजी पाऊण किलोच भरेल. साठ किलो वजनाच्या माणसाचे आकारमान साधारण साठ लिटर असते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पूर्ण बुडालेल्या अशा माणसाला साध्या पाण्यात साठ किलोंचा आधार मिळतो, या फेसात मात्र पंचेचाळीस किलोंचाच. पंधरा किलो कमी पडतात. नेहमीचे तरंगजाकीट संथ पाण्यात सात-आठ किलोंचा जादा आधार देते आणि फेसात तोही कमी होतो. म्हणून जाकीट घातलेला माणूससुद्धा दाट फेसात काही क्षण दिसेनासा होतो. फेसाचा पट्टा ओलांडला की जाकीट त्याला वर आणते. जाकीट नसेल, तर फेसात हातपाय मारून दमलेल्या माणसाला पुढच्या पाण्यात वर यायला मदत करणारे काहीच नसते. चांगला पोहणारा मुलगा फेसात का बुडतो, याचे हे एक उत्तर आहे.

वेग दुप्पट, रेटा चौपट

वाहते पाणी उभ्या माणसाला किती जोराने ढकलते? हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्थूलमानाने सांगायचे, तर पाण्याची घनता, प्रवाहाला आडवे येणारे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय ९० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद धरू या. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याइतका असेल, तर रेटा सुमारे १३५ न्यूटन, म्हणजे १४ किलो वजनाइतका भरतो. वेग २ मीटर झाला की तो ५५ किलोंइतका होतो आणि ३ मीटरला १२४ किलोंइतका.

आता दुसरी बाजू पाहू या. कमरेपर्यंत बुडालेल्या साठ किलोंच्या माणसाचे वजन पायाखालच्या जमिनीला तीसच किलो जाणवते, कारण निम्मे पाण्याने पेललेले असते. तळ निसरडा आहे, म्हणून घर्षणाचा गुणांक अर्धा धरला, तर त्याचे पाय पंधरा किलोंच्या रेट्यापर्यंतच टिकतील. म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगालाच तो निसटण्याच्या बेतात असतो. अंगात ताकद किती, हा प्रश्नच इथे येत नाही.

म्हणूनच वाटाडे पर्यटकांना पहिला नियम सांगतात, की पाण्यात पडलात तर उभे राहायचे नाही. पाऊल दगडांच्या फटीत अडकले, तर पाण्याचा रेटा माणसाला पुढे वाकवतो आणि गुडघाभर पाणीही बुडवायला पुरते. उताणे व्हावे, पाय पुढे व पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि हातांनी तिरके जात काठ गाठावा.

प्रवाहात पडलेले झाड, काटेरी कुंपण, पुलाच्या खांबांत अडकलेला पाचोळा यांची राखणदाराला विशेष धास्ती असते. चहाच्या गाळणीतून चहा जातो आणि चोथा राहतो. इथेही पाणी निघून जाते, माणूस मात्र अडकून राहतो.

ताटातली उसळी

सांडव्याखाली पाणी एकदम उसळते, त्याचे कारण शाळेत पाहता येते. स्टीलचे सपाट ताट नळाखाली धरा आणि नळ मध्यम सोडा. धार पडते तिथून चहूकडे पाण्याचा पातळ, गुळगुळीत, वेगवान थर पसरतो. काही अंतरावर तो एकदम जाड आणि मंद होतो व एक गोल कडे दिसते. पातळ थरात पेन्सिलीचे टोक टेकवा. मागे बाणासारखी रेघ उमटते, पण धारेच्या दिशेला एकही तरंग जात नाही. कड्याबाहेरच्या जाड थरात टोक टेकवले, की तरंग सगळीकडे पसरतात.

उथळ पाण्यात तरंगाचा वेग खोलीवर ठरतो. खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढले की तो मिळतो. ४० सेंटिमीटर खोल पाण्यात तो सेकंदाला सुमारे २ मीटर येतो. पाणी स्वतःच याहून वेगाने धावत असेल, तर पुढच्या अडथळ्याची वर्दी तरंगांवाटे मागे येऊच शकत नाही. मग संथ पाण्याची गाठ पडताच ते एकदम उसळते. अभियंते याला जलोच्छाल म्हणतात.

बंधाऱ्याखाली हीच उसळी आडव्या लाटण्यासारखी फिरत राहते. वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुढे सरकते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलटे, बंधाऱ्याकडे वाहते. लाकडाचा ओंडका इथे सापडला की तासन्‌तास गोल फिरत राहतो. माणूस सापडला तर तो वर येतो, पृष्ठभागावरचे पाणी त्याला बंधाऱ्याशी नेते, पडते पाणी त्याला खाली दाबते आणि तो पुन्हा वर येतो. नैसर्गिक खळाळात दगड वेडेवाकडे असल्यामुळे या लाटण्याला कुठे ना कुठे फट असते. माणसाने बांधलेला बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असतो, त्यामुळे फट सापडत नाही. शिवाय वरच्या बाजूने येणाऱ्याला फक्त संथ पाणी आणि एक आडवी रेघ दिसते. पडणारे पाणी त्याला दिसतच नाही. खळाळ दुरून आवाज करून सावध करतो, बंधाऱ्याच्या वरचे पाणी तसे करत नाही.

आपली नदी, आपले बंधारे

कोल्हापूर जिल्ह्याने बंधाऱ्याच्या एका प्रकाराला आपले नावच दिले आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात नदीत ओळीने खांब असतात आणि खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात. पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे, हे हंगामी काम आहे. पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. त्यांतील कित्येकांवरून रहदारीही चालते.

इथे हंगामाप्रमाणे धोका बदलतो. बरगे घातलेले असताना पाणी वरून पडू लागले, की खाली ते फिरते लाटणे तयार होते. बरगे काढल्यावर पाणी खांबांमधून जोराने निघते आणि वाहून आलेली झाडे खांबांना अडकून गाळणी तयार होते. महापुरात बंधारा पाण्याखाली जातो आणि त्यावरचा रस्ता दिसेनासा होतो. नेहमीची वाट पायाखालची आहे, या भरवशावर कोणी त्यात पाय घालतो किंवा गाडी घालतो. गाडीचे गणितही करून पाहू या. लहान मोटारीचा तळ सुमारे पाच चौरस मीटर असतो. तळाच्या वर २० सेंटिमीटर पाणी चढले की तिने एक घनमीटर, म्हणजे एक टन पाणी बाजूला सारलेले असते आणि तिचे वजनही साधारण तेवढेच असते. मग चाके जमिनीला टेकलेली दिसली, तरी त्यांच्यावर भार नसतो. रस्त्यावर गुडघ्याच्या आतबाहेर पाणी असतानाच हे घडते.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्यूसेक पाणी सुटते, असे आपण बातम्यांत ऐकतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. या हिशेबाने एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ४० टन पाणी भोगावतीत येते आणि काही तासांनी पंचगंगेत पोचते. पातळी वाचणारा कर्मचारी, वेळेवर बरगे काढणारे मजूर, बंधाऱ्यावर आडवे बांबू लावून रस्ता बंद करणारा पोलीस ही सगळी आपल्या नदीची हंगामी राखणदार मंडळीच आहेत, मग त्यांना कोणी त्या नावाने हाक मारो वा न मारो.

उडी सगळ्यांत शेवटी

बुडणाऱ्याला मदत करण्याचा क्रम जगभरच्या राखणदारांना सारखाच शिकवला जातो. आधी ओरडून दिशा सांगा. मग काठी, धोतर, साडी जे हाती असेल ते पुढे करा. ते पोचत नसेल, तर दोर किंवा बंद रिकामा कॅन फेका. तेही जमत नसेल, तर नाव न्या. पाण्यात उडी सगळ्यांत शेवटी, आणि तीही तयारी असलेल्यानेच. भावाला वाचवायला बहीण आणि मित्राला वाचवायला मित्र उडी घेतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. हा क्रम ठाऊक नसणे हे त्याचे एक कारण आहे.

राफ्टिंगचे वाटाडे पंधरा-वीस मीटर तरंगता दोर पिशवीत भरून जवळ ठेवतात. दोराचे टोक हातात धरून पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची असते. दोर पकडल्यावर त्याला ओढत बसावे लागत नाही, प्रवाहच त्याला लंबकासारखा काठाला आणतो. मात्र फेकणाऱ्याने दोर स्वतःच्या अंगाला कधीही बांधायचा नसतो.

नावेतही नियम हवेतच. पुरात आपल्याकडे गुऱ्हाळाची काहीलसुद्धा नाव म्हणून वापरतात. तिचा तळ सपाट असल्यामुळे ती बरेच वजन पेलते, पण तिला टोक नाही, म्हणून प्रवाहात ती गरगर फिरते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेक जण बुडाले. बोटीत माणसे दाटीने भरलेली होती. आपल्या माणसांना लवकर बाहेर काढावे, हीच त्यामागची भावना होती. पण बोटीत किती जणांनी चढायचे आणि जाकिटाशिवाय कोणाला चढू द्यायचे नाही, हे पाणी चढण्याआधी ठरवावे लागते. पाणी दाराशी आल्यावर ते ठरवता येत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली, ती गावातल्याच तरुणांना असे शिक्षण देण्यासाठी.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकमित्रांनो, यासाठी मुलांना नदीत उतरवण्याची गरज नाही. ताटातली उसळी वर्गात दाखवा. शेतातल्या घोटाभर पाण्याच्या पाटावर दहा मीटर अंतर मोजून नारळाची करवंटी सोडा आणि ती पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्यावरून वेग काढा आणि वर दिलेल्या रीतीने रेट्याचे गणित सोडवून घ्या. पूर आला की पुलावरून वाहत जाणारी फांदी पाहून नदीचा वेग सुरक्षित जागेवरून मोजता येतो. रोज वर्तमानपत्रातली राजाराम बंधाऱ्याची पातळी आलेखावर मांडा. कोणत्या दिवशी पाऊस थांबला आणि पाणी कधी उतरू लागले, यातले अंतर मुलांना स्वतः सापडेल.

मग गावच्या नदीचा किंवा ओढ्याचा नकाशा काढायला सांगा. डोह कुठे आहे, बंधारा कुठे, झाड कुठे आडवे आहे, कुठल्या फरशीवरून पहिल्यांदा पाणी जाते, हे वडीलधाऱ्यांना आणि गावातल्या कोळ्यांना विचारून त्यावर नोंदवायचे. असा नकाशा मेच्या सुटीपूर्वी शाळेच्या भिंतीवर लागला, तर त्याचा उपयोग सर्वाधिक. परीक्षा संपल्यावर मुले पोहायला जातात आणि त्या दिवसांत बंधाऱ्यांत बरगे घातलेले असतात.